तिचा तान्हेपणीचा फोटो आणि तुझा राजीनामा

पत्र:

ताई, मी आणि नवरा दोघंही पुण्यात आयटीत आहोत. लेक ७ वर्षांची, दुसरीत आहे. २०१९ च्या गणपतीनंतर ती घरी आली तेव्हा १४ महिन्यांची होती. त्याआधी दोन वर्षं कारा, म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या पोर्टलवर वेटिंग नंबर बघत काढली. मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते, पोर्टल उघडलं, पिवळ्या झबल्यातला फोटो दिसला आणि डबा तसाच सोडून जिन्यात जाऊन रडले. बाळ तीन महिन्यांपेक्षा मोठं म्हणून रजा बसत नाही असं एचआरने सांगितलं, साठवलेल्या रजा घातल्या. मग लॉकडाऊन, ती मांडीवर आणि मी कॉलवर. आता यावर्षीपासून पाचही दिवस ऑफिस. घरी मावशी असतात. हॉलमध्ये कॅमेरा लावलाय, दिवसातून वीसेक वेळा बघते.

शाळेत 'मी आणि माझं कुटुंब' असा प्रोजेक्ट आहे, तान्हेपणीचा फोटो लावायचा आणि जन्माचं वजन लिहायचं. परवा ती माझ्या फोनची गॅलरी मागे मागे सरकवत गेली आणि पहिल्या फोटोपाशी अडकली. म्हणाली, "आई, याच्या आधीचे माझे फोटो का नाहीत? तू ऑफिसात होतीस का?" मला काही बोलताच आलं नाही. तीन वर्षांची असताना तिला गोष्ट सांगितली होती, नंतर विषय निघाला नाही. भाच्याने एआयवर तिचा तान्हेपणीचा फोटो बनवून पाठवलाय, अगदी खरा वाटतो. सासूबाई म्हणतात लाव, पोरीला काय कळतंय. आणि त्याच म्हणतात, बाईच्याच हाती द्यायची होती तर आणलीस कशाला. हे मलाही टोचतं, कारण तिकडे संस्थेतही बायकाच सांभाळत होत्या. मग मी वेगळं काय दिलं? तो फोटो लावू का? आणि नोकरी सोडू का? प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय.

– एक आई

उत्तर:

अगं, सोमवार जवळ आलाय म्हणून घाईचं आधी सांगते. तो फोटो लावू नकोस. आणि या कारणासाठी नोकरी सोडू नकोस, दुसरं काही कारण असेल तर ते वेगळं, त्यावर खाली बोलू.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिच्या त्या वाक्यापाशीच थांबले. तू ऑफिसात होतीस का. तुला तो आरोप वाटला, बरोबर ना, कारण दिवसभर तुझ्या मनात तोच चाललेला असतो. पण सात वर्षांच्या मुलीच्या जागी बसून बघ जरा. तिला गॅलरीत एक भोक दिसलं. तिथे आपण नाही. मग तिने तिला ठाऊक असलेल्या सगळ्यात साध्या गोष्टीने ते भोक बुजवलं, की आई नसते तेव्हा आई ऑफिसात असते. म्हणजे तिच्या डोक्यात तेव्हाही तू होतीसच, फक्त लांब होतीस. तू नव्हतीसच असं तिच्या मनात आलंसुद्धा नाही. मला तर ते ऐकून भरून आलं.

आणि गंमत बघ, ती चुकलेली नाहीये. ती जन्मली तेव्हा तू खरंच ऑफिसात होतीस. ती पालथी पडायला शिकली तेव्हाही, पहिला दात आला तेव्हाही. ऑफिसात बसून तू मधल्या सुट्टीत पोर्टल उघडून नंबर किती खाली आला ते बघत होतीस. तर तिला हेच सांग ना. "हो गं, मी ऑफिसात होते, आणि तू कुठे आहेस ते मला माहीतच नव्हतं. तू दुसऱ्या एका बाईच्या पोटातून जन्मलीस, तिला तुला सांभाळणं जमणार नव्हतं, मग तू एका घरात होतीस जिथे बऱ्याच मावश्या बाळांना सांभाळायच्या. मी आणि बाबा रोज तुझी वाट बघत होतो. एक दिवस कॅन्टीनमध्ये मला तुझा फोटो आला." एवढंच. दोन मिनिटांत सांगून होतं. पुढचे प्रश्न ती तिच्या वेळेला विचारेल, कदाचित स्कूटीवर मागे बसून भर ट्रॅफिकमध्ये विचारेल, मुलं अशाच वेळा निवडतात. एकच बघ, जन्मदात्या आईबद्दल तिच्या कागदांत जेवढं आहे तेवढंच बोल. "ती खूप गरीब होती" किंवा "तिचं तुझ्यावर खूप प्रेम होतं" असं पदरचं काही घालू नकोस. लेक संस्थेबाहेर सापडलेली असेल आणि कोणालाच काही ठाऊक नसेल तर "तिला का जमलं नाही ते आपल्याला माहीत नाही" हेसुद्धा एक उत्तर आहे, मुलं ते पचवतात.

तीन वर्षांची असताना एकदा सांगितलं आणि नंतर विषय निघाला नाही असं तू लिहिलंयस. विषय आपल्यालाच काढावा लागतो गं. तीन वर्षांच्या मुलीला ती गोष्ट चिऊकाऊच्या गोष्टीसारखीच वाटते, ऐकते आणि विसरते. सहा-सात वर्षांची झाली की तिला हळूहळू उमगायला लागतं की आपण कोणाच्या तरी घरी आलो म्हणजे त्याआधी कोणीतरी आपल्याला सोडलंय. तेच वय आहे तिचं आता. म्हणून ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, दर वेळी थोडी मोठी करून.

आता तो एआयचा फोटो. भाच्याने प्रेमानेच केलंय, त्याला रागावू नकोस, पण ज्या ॲपवर तिचा चेहरा टाकला तिथून आणि त्याच्या फोनमधून तो काढून टाकायला सांग, आणि फॅमिली ग्रुपवर गेला असेल तर तिथूनही. फोटो छान आलाय हीच तर अडचण आहे. त्या फोटोतलं बाळ कधी नव्हतंच. आज तो प्रोजेक्टच्या वहीत चिकटेल, उद्या कोणीतरी फ्रेम करेल, दहा वर्षांनी तिला तो तिचाच वाटत असेल आणि मग कधीतरी कळेल की चौदा महिन्यांच्या आधी घरात फोटो काढायला कोणी नव्हतं. त्या दिवशी फक्त फोटो खोटा ठरत नाही, "आम्ही तुझी खूप वाट बघितली" हेही खोटं का असं वाटायला लागतं. दत्तक मुलांना आपल्याबद्दलच्या माहितीचे चार-पाचच तुकडे मिळालेले असतात. त्यात एक बनावट मिसळला की उरलेल्यांवरचाही विश्वास उडतो.

आणि मुख्य म्हणजे तुला त्या फोटोची गरजच नाहीये. तूच लिहिलंयस की, पिवळ्या झबल्यातला फोटो! फोनच्या गॅलरीत नाही म्हणून तो तुझ्या हिशोबातच नाही. पोर्टलवर जो चाइल्ड स्टडी रिपोर्ट आला होता त्यावर फोटो असतो, तोच बघून तुम्ही ४८ तासांत होकार दिला असणार. नंतर संस्थेत जाऊन तुम्ही दोघांनी त्या रिपोर्टवर आणि मेडिकल रिपोर्टवर सह्या केल्या, त्याच्या कॉपी तुमच्या फाइलमध्ये असतील. आज रात्री ती फाइल काढ. मेडिकल रिपोर्टमध्ये तिचं वजन, उंची, लसी सगळं असतं, जन्माचं वजन नसेलही, पण संस्थेत आली तेव्हाचं असण्याची शक्यता आहे. संस्थेला फोन कर. तिथल्या सोशल वर्कर ताईंना विचार की तिचे आणखी काही फोटो आहेत का, बारशाचे, पहिल्या वाढदिवसाचे, ती तिथे असताना कोण मावशी तिला बघायची. बऱ्याच संस्था असे फोटो जपून ठेवतात आणि मूल भेटायला आलं की तिथल्या बायकांना किती आनंद होतो ते तू प्रत्यक्ष बघ.

माझा मुलगा २००१ मध्ये घरी आला, १० महिन्यांचा होता. तेव्हा पोर्टल नव्हतं, संस्थेत जाऊन नाव नोंदवायचं, नंतर कोर्टाच्या चकरा. त्याचा आधीचा एकच फोटो होता, पासपोर्ट साइझ, कोर्टाच्या कागदांना स्टेपल केलेला. मी तो कागदांसकट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला, कारण माझ्या लेखी ते डॉक्युमेंट होतं, हरवलं तर काय घ्या. तो नऊ वर्षांचा असताना एकदा त्याला घेऊन लॉकरला गेले होते, त्याला तो दिसला. "हा कोण?" म्हणाला. मी म्हटलं तू. तो इतका वेळ बघत राहिला की शेवटी बँकेतल्या बाईंनी दार वाजवलं. मग म्हणाला, हा माझा आहे तर इथे का ठेवलायस? मला उत्तर नव्हतं. त्याच दिवशी मी तो कागदापासून सोडवून त्याला दिला, आजही त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, कपाळावर स्टेपलरची दोन भोकं आहेत. तर तुझ्या लेकीचा पिवळ्या झबल्यातला फोटो तिला दे. नुसता दाखवू नकोस, देऊन टाक. बाकी फाइल मात्र आत्ताच सगळी समोर ठेवायची नाही, त्यात मोठ्या माणसालाही जड जाईल असं काही असू शकतं, ते वय बघून. पुढे १८ ची झाल्यावर तिला स्वतःच्या मुळाचा शोध घ्यायचा असेल तर ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी तुमच्यासोबत मिळून. तेव्हा ती त्या वाटेवर निघाली तर तुम्ही सोबत असाल ही खात्री तिला आत्तापासून वाटायला हवी.

शाळेच्या मॅडमना उद्याच फोन कर. सगळा इतिहास सांगायची गरज नाही, ती तिची खाजगी गोष्ट आहे, तिने कोणाला सांगायची ते तिने ठरवायचं. एवढंच म्हण की आमच्याकडे जन्माच्या वेळचा फोटो आणि वजन नाहीये, तर ती तिचा लहानपणीचा आवडता फोटो लावेल आणि "मी घरी आले तेव्हा" असं लिहिलं तर चालेल ना. वर्गात अशी एकटी तीच असेल असंही समजू नकोस, कोणाचे आईबाबा वेगळे झालेले असतात, कोणाचे फोटो जुन्या फोनबरोबर गेलेले असतात. एखाद्या मॅडम हे ऐकून पुढच्या वर्षी प्रोजेक्टच बदलतात.

आता तो टोचणारा प्रश्न. तिकडेही बायका, इकडेही बाई, मग मी काय दिलं. हा प्रश्न मी स्वतःला वर्षानुवर्षं विचारलाय म्हणून अगदी सरळ सांगते. तिकडच्या मावश्यांबद्दल मनात कमीपणा आणू नकोस, त्यांनी तुझ्या लेकीला चौदा महिने उचलून घेतलंय, भरवलंय, तापात बसल्यात. पण त्यांची पाळी संपते. आठ तास झाले की दुसरी मावशी येते, ती नोकरी सोडते, मग तिसरी येते, आणि बाळाला कळत नाही की कालचा वास आज कुठे गेला. तुझी पाळी संपत नाही. तू संध्याकाळी सात वाजता दमून, केस विस्कटलेले, डोकं दुखतंय अशी येतेस, पण येणारी तूच असतेस. सहा वर्षांत ती दार उघडून किती वेळा तुझ्याकडे धावली असेल मोज. तू हे दिलंयस. चौदा महिन्यांत तिला न मिळालेली गोष्ट हीच होती, आणि त्यासाठी दिवसभर घरी असावं लागत नाही, रोज परत यावं लागतं.

म्हणून येण्याची वेळ मात्र पाळ. सात म्हणालीस तर सात, आणि उशीर होणार असेल तर साडेसहालाच फोन. आपल्या मुलांना हे इतरांपेक्षा जरा जास्त लागतं. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याची पक्की समजूत होती की त्रास दिला तर आपल्याला परत नेऊन सोडतात. हे आम्हाला कसं कळलं, तर एकदा पाण्याचा माठ फुटला आणि हा गुपचूप बूट घालून दारात जाऊन बसला. बोलला काही नाही. तुझ्या लेकीलाही न विचारता सांगून ठेव, की इथून परत कुठे जायचं नसतं, माठ फुटला तरी आणि परीक्षेत शून्य पडलं तरी.

लोक तुला "किती पुण्याचं काम केलंत" म्हणत असतील. मला हे वाक्य अजिबात सहन होत नाही. पुण्य म्हटलं की मग त्यात खोट राहून चालत नाही, मग आई दिवसभर घरीच हवी, दमायला नको, चिडायला नको. तू समाजसेवा केलेली नाहीस, तुला मूल हवं होतं आणि तिला आई हवी होती. पोटच्या मुलाच्या आईला कोणी विचारतं का की नोकरीच करायची होती तर जन्म कशाला दिलास? (विचारतात, त्यांनाही विचारतात, पण निदान "आणलीस कशाला" असं तरी म्हणत नाहीत.) सासूबाईंशी भांडू नकोस, पण हा शब्द लेकीच्या कानावर पडता कामा नये हे त्यांना एकदा बसवून सांगावंच लागेल, आणि ते तुझ्या नवऱ्याने सांगायचं. त्यांना सावित्रीबाईंची आठवणही करून दे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८७४ मध्ये यशवंतला दत्तक घेतलं, काशीबाई नावाच्या एका विधवेचा मुलगा. १८७७ च्या एप्रिलमध्ये, तो तीन-चार वर्षांचा असताना, सावित्रीबाई दुष्काळाच्या कामासाठी ओतूर-जुन्नर भागात होत्या, तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. मुलगा घरात आला म्हणून त्यांनी काम सोडलं नाही. पुढे यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेक एकत्र रुग्णांसाठी झटत होते, त्यातच सावित्रीबाई गेल्या. ३ जानेवारीला आपण घरोघर त्यांचा फोटो फॉरवर्ड करतो, त्या एक काम करणाऱ्या दत्तक आई होत्या हे मात्र कोणी बोलत नाही.

रजेचंही तू स्वतःच्याच खात्यावर लिहिलंयस, ते पुसून टाक. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, त्यात दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा आली पण मूल तीन महिन्यांच्या आतलं हवं अशी अट घातली होती. आता बघ, जन्मदाती आई मूल संस्थेत सोपवते तेव्हा तिला विचार बदलायला ६० दिवस दिलेले असतात, आणि ते द्यायलाच हवेत. त्यानंतर मूल दत्तकासाठी मोकळं झाल्याचा कागद, मग पोर्टल, मग तुमचा होकार, मग भेट. तीन महिन्यांच्या आत बाळ घरी पोचणार कसं? म्हणजे रजा होती पण घेता येत नव्हती. मला तर २००१ मध्ये तेवढंही नव्हतं, साहेब म्हणाले बाळंतपण झालेलंच नाही तर रजा कशाची, आणि मी खाली मान घालून अर्ज परत घेतला. ती मान खाली घालायची गरज नव्हती हे मला फार उशिरा कळलं, म्हणून तुला आत्ता सांगतेय.

कॅमेरा. मावशींना माहीत आहे ना की तो लावलाय? नसेल तर आज सांग. आणि वीस वेळा बघून तुला काय मिळतं ते प्रामाणिकपणे विचार स्वतःला. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून तू ना मीटिंगमध्ये असतेस ना तिच्याजवळ. तिला कळतही नाही की आई बघतेय, तिच्यासाठी ते बघणं शून्य आहे. त्यापेक्षा ती शाळेतून आली की साडेचारला एक फोन, रोज, पाचच मिनिटं, डब्यात काय उरलं आणि कोणाशी कट्टी झाली. माझा मुलगा घरच्या लँडलाइनवरून मला बँकेत फोन करायचा आणि नुसता श्वास घेत उभा राहायचा, बोलायचा नाही. मी म्हणायचे, "ऐकतेय रे," मग ठेवून द्यायचा. एवढ्याने त्याची दुपार निघायची. कॅमेरा पंधरा दिवस बंद ठेवून बघ, मावशींवर विश्वास नसेल तर कॅमेऱ्याने तो येणार नाही, मावशी बदलाव्या लागतील, आणि विश्वास असेल तर त्या बाईलाही जरा मोकळं वावरू दे. तुझ्या लेकीच्या आयुष्यातली तीही एक मोठी व्यक्ती आहे.

राहिली नोकरी. पाच दिवसांचं ऑफिस झेपत नसेल, हिंजवडीच्या रस्त्यावर रोज तीन तास जात असतील, तब्येत बिघडत असेल, किंवा आतून मनच उडालं असेल, तर खुशाल विचार कर, आधी मॅनेजरकडे आठवड्याचे दोन दिवस घरून काम माग, लेखी माग. पण चौदा महिन्यांची भरपाई म्हणून राजीनामा देऊ नकोस. ते चौदा महिने तुझ्यावरचं कर्ज नाहीये, ते तिच्या आयुष्यातले दिवस आहेत आणि ते तिने तुझ्याशिवाय काढलेत, हे तसंच राहणार. राजीनाम्याने तिथे तू जाऊन बसत नाहीस, जशी त्या एआयच्या फोटोनेही ती तिथे जाऊन बसत नाही. उलट पंधरा वर्षांची झाल्यावर "तुझ्यासाठी आईने करिअर सोडलं" हे ओझं कोणीतरी तिच्या डोक्यावर ठेवेलच, आणि आधीच "आम्ही तुला आणलं" हे ऐकणाऱ्या मुलीला ते दुप्पट जड होतं. आणि एक, तुझ्या अख्ख्या पत्रात नवऱ्याच्या नोकरीबद्दल एक ओळही नाही. त्या चौदा महिन्यांत तोही ऑफिसातच होता ना? आठवड्यातले दोन दिवस शाळेच्या बसपाशी तो उभा राहू दे. ही गोष्ट सांगतानाही तो शेजारी बसलेला हवा, त्यालाही आठवत असेल तू जिन्यातून त्याला फोन केलास तेव्हा तो कुठे होता, तेही तिला सांगा.

तर आज रात्री फाइल. उद्या सकाळी मॅडमना फोन, संस्थेला फोन. शनिवारी तिला घेऊन फोटो स्टुडिओत जा आणि त्या रिपोर्टवरचा फोटो स्कॅन करून त्याच्या दोन प्रिंट काढ, एक वहीसाठी आणि एक तिला हवी तिथे ठेवायला. स्कॅन थोडा धूसर येईल, येऊ दे, त्यांना "साफ करून देतो" म्हणू देऊ नकोस. खाली काय लिहायचं ते तिलाच विचार, आणि स्पेलिंग चुकलं तरी तिच्याच अक्षरात राहू दे. सोमवारी मॅडम काय म्हणाल्या ते मला कळव.